एका पोवळ्याची कलमं

माझ्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षाची ही गोष्ट. दोघी सातव्या महिन्यातच आल्या. एवढ्याएवढ्याशा, माझ्या पाइपच्या मोठ्या पान्यापेक्षाही हलक्या. दवाखान्यात त्यांना काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी रोज सकाळी जाऊन त्या काचेला नाक लावून यायचो आणि तिथून तडक ताईच्या घरी जायचो, कारण तिथेही काचेच्या एका पेटीचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे यजमान घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं उघडली आणि मिटली. पुढे उजवा हात कापायला लागला, तेव्हा एका दिवसात दुकान बंद केलं. "हलत्या हाताने चालतं घड्याळ बंद पाडण्यापेक्षा आपणच बंद झालेलं बरं," म्हणाले. मी नळकाम करणारा. त्यामुळे भाऊजींनी मला जन्मात कधी नावाने हाक मारली नाही. "या, नळवाले. टपकत टपकत आलात?" असं त्यांचं स्वागत.

भाऊजींच्या बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक टाकी होती आणि तिच्यात एक पोवळं. पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा, एवढंच मला ठाऊक होतं. हे तसलं नव्हतं. हरणाच्या शिंगासारखे फाटे, अंग मातकट जांभळं आणि प्रत्येक फाट्याचं टोक निळं, शाईत बुडवून काढल्यासारखं.

"भाऊजी, हा दगड आहे का झाड?" मी एकदा विचारलं.

"प्राणी आहे."

"गरिबाची थट्टा करू नका."

त्यांनी दुकानातलं भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि मान धरून मला काचेजवळ नेलं. दगडाला तोंडं होती! नखाएवढ्या जागेत पंधरा-वीस तोंडं आणि प्रत्येक तोंडाभोवती इवलीइवली बोटं, पाण्यात हलणारी. माझी पापणी लवली तर ती मिटतील असं मला वाटलं.

"मग हा एक प्राणी का हजार?"

"बावीस वर्षं बघतोय," भाऊजी म्हणाले. "एकाला टोचलं की शेजारचे मिटतात. एकाने खाल्लं की सगळ्यांना पोचतं. आता एक म्हणा नाहीतर हजार."

ते पोवळं त्यांना गुरुजींनी दिलं होतं. गुरुजी म्हणजे ज्यांच्या हाताखाली भाऊजी घड्याळं शिकले ते. त्यांच्या दुकानाच्या दर्शनी कपाटात टाकी होती. जायच्या आधी त्यांनी अंगठ्याएवढं टोक तोडून भाऊजींच्या हातावर ठेवलं. पुढे गुरुजी गेले, दुकान गेलं, टाकी कुणीतरी भंगारात घातली. "गुरुजींच्या घरचं जगात आता एवढंच जिवंत आहे," भाऊजी म्हणायचे.

आता ते एवढं वाढलं होतं की फाटे काचेला टेकायला लागले होते. गुरुजींचे आणखी चार शिष्य गावोगावी होते आणि प्रत्येकजण कधीपासून तुकडा मागत होता. तेव्हा भाऊजींनी ठरवलं, गुलाबाची करतात तशी याची कलमं करायची. टोकं कापायची, चिकटद्रव्याने छोट्या मातीच्या बुचांवर बसवायची आणि महिना-दोन महिने वाढवून एकेकाला धाडायची. त्यासाठी वेगळी टाकी हवी. चार फूट लांब, दोन फूट रुंद, पण खोली मात्र वीतभरच, म्हणजे उजेड तळापर्यंत पोचतो आणि हातही.

"एवढं कशाला?" मी म्हणालो. "आत्ता एक टोक तोडा आणि द्या पाठवून. लोक वाट बघतायत."

"घाई घड्याळाला चालत नाही, नळवाले. पुढेही नाही आणि मागेही नाही. टाकी तयार होईपर्यंत मी कात्री लावणार नाही."

मी कामाला लागलो. नव्या टाकीखाली लाकडी कपाट, कपाटात पाणी गाळायची खालची टाकी, तिथून पंपाने पाणी वर आणि वरून आपल्या वजनाने परत खाली. बुचं उभी राहायला छताच्या दिव्यांची पांढरी जाळी कापून पाय लावले. गाळलेल्या पाण्यात पोत्यातलं मीठ विरघळवलं. ते पोतं मीच तीन जिने वर नेलं. मीठ जरा जास्त झालं तरी भाऊजींना आधी कळायचं, मापाच्या नळीला नंतर. जिभेवर एक थेंब ठेवायचे आणि तोंड वाकडं करायचे.

जुन्या टाकीतले दोन दगड नव्या टाकीत ठेवले आणि आम्ही वाट बघत बसलो. मला वाटलं होतं, पाणी भरलं की झालं. पण पहिल्या पंधरवड्यात सगळ्या काचेवर तपकिरी बुरशीसारखा थर चढला. मी घासायला गेलो तर भाऊजी ओरडले, "राहू द्या! ती पाहुणी आहे, आपली आपण जाईल." गेली. मग हिरवं शेवाळ आलं. मग भाऊजींनी गोगलगायी सोडल्या आणि त्या दिवसभर काचेवर हिंडून तोंडाने रस्ते पाडायला लागल्या. मी काम संपलेलं असतानाही तिथे बसून राहायला लागलो.

"तुझ्या घरी टाकी नाही का पाण्याची?" ताई म्हणायची.

टाकीच्या शेजारी भिंतीवर भाऊजींनी एक कागद खिळ्याने ठोकला होता. आपल्या बारीक, सरळ अक्षरात नियम लिहिले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तिकडे बोट दाखवलं.

"आधी हे वाचा. मग हत्याराला हात."

मी कागदासमोर उभा राहिलो. जेवढा वेळ वाचायला लागावा तेवढा वेळ उभा राहिलो. या बाबतीत माझा अंदाज पक्का होता. मग म्हणालो, "वाचलं."

"सगळं?"

"सातच्या सात."

आकडे मला येत होते. इंच, फूट, सूत, सगळं येत होतं. अक्षर एकही येत नव्हतं. लहानपणी शाळेऐवजी पाइप उचलले आणि पुढे कुणाला सांगायची वेळच येऊ दिली नाही. सही चित्रासारखी काढायचो. बाकी वेळेला चष्मा घरी राहायचा. सबंध जगात हे फक्त ताईला माहीत होतं आणि माझ्या गेलेल्या बायकोला.

आठव्या आठवड्यात भाऊजी म्हणाले, आता दोन्ही टाक्या जोडा. पाणी एक झालं की कलमांना नव्या जागेचा धक्का बसणार नाही. जोडायला त्यांनी प्लास्टिकचे पाइप आणि प्लास्टिकचा व्हॉल्व्ह आणून ठेवला होता. पाइप ठीक. पण प्लास्टिकच्या व्हॉल्व्हला मी आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या. दोन वर्षांत मूठ तुटते, पाच वर्षांत चिरतो. माझ्या पेटीत तळाशी एक पितळी व्हॉल्व्ह होता, जुन्या घडणीचा, जड, नुसत्या बोटाने फिरणारा. तीस वर्षं मी तो जपला होता, कुणाच्या घरी लावायचं मन झालं नव्हतं. तो भाऊजींच्या टाकीला लावला. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, कशाला खर्ची घातलात. म्हटलं, पाच वर्षांनी आपणच विचारतील, अजून गळत कसा नाही. भाऊजींच्या गुडघ्यांत कपाटात वाकून बघण्याचं बळ नव्हतं. मी मूठ फिरवली आणि दोन्ही टाक्यांचं पाणी एक झालं.

पाचव्या दिवशी गोगलगायी काचेवरून सुटून पडल्या. सकाळी बघतो तर आठच्या आठ उताण्या.

भाऊजींनी खारटपणा मोजला, बरोबर. उष्णता मोजली, बरोबर. पाण्यातला चुना मोजला, बरोबर. दुसऱ्या दिवशी पोवळ्याची तोंडं उघडली नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी बुडापाशी कातडी सुटायला लागली आणि खालून पांढराफटक दगड दिसायला लागला. भाऊजी खुर्ची ओढून टाकीसमोर बसले ते उठेनात. भिंग डोळ्यावर तसंच.

"टोकं तरी कापा," मी म्हणालो. "वरची अजून निळी आहेत."

"कापून ठेवू कुठे? पाणी तर तेच." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "गोगलगायी आधी गेल्या. असं तांब्याने होतं. पण तांबं येईल कुठून? तांबं नाही, पितळ नाही, ते तर मी चौथ्या नियमात लिहूनच ठेवलंय. तुम्हीही वाचलंय."

चौथा नियम. तो माझ्या डोळ्यांसमोर आठ आठवडे होता. त्या कागदाच्या खिळ्याला मी माझी पिशवी अडकवायचो.

दुपारी भाऊजी जेवून आडवे झाले, तेव्हा मी पंप बंद केला आणि कपाटात शिरलो. व्हॉल्व्हच्या आट्यांवर हिरवट पांढरं पीठ जमलं होतं. मी तो काढला, प्लास्टिकचा बसवला आणि पितळी खिशात टाकून बाहेर आलो, तर ताई कमरेवर हात ठेवून उभी.

"काय काढलंस?"

"काही नाही."

"खिसा गुडघ्यापर्यंत लोंबतोय तुझा, काही नाही म्हणे."

मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. ताई ओरडली नाही. ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते. ती हसू दाबत होती का रडू, ते मला अजून सांगता येणार नाही.

"अरे, मी काय करून बसलेय ते ऐकशील तर," ती म्हणाली.

चार महिन्यांपूर्वी, भाऊजी बाहेर गेलेले असताना, ती जुन्या टाकीची काच आतून पुसत होती. कोपर लागलं आणि पोवळ्याचं मागचं एक टोक कटकन तुटलं. नवऱ्याने बावीस वर्षं ज्याला बोट लावू दिलं नाही ते तुटलं. फेकवेना, सांगवेना. टाकीतल्याच पाण्यात, लोणी ठेवायच्या डब्यात घालून ती तडक दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिथे कवळी बसवताना तिने पाहिलं होतं की बाहेर बसायच्या जागेत खाऱ्या पाण्याची टाकी आहे.

"काय सांगितलंस त्यांना?"

"म्हटलं, आमच्याकडे हे फार झालंय."

"आणि जगलंय?"

"कवळी घट्ट करायच्या निमित्ताने तीनदा जाऊन आले. कवळीला काही झालेलं नाही. आणि त्यालाही. फाटा फुटलाय नवा."

आम्ही दोघं साठी ओलांडलेली भावंडं आईच्या धाकाने अंगणात लपावं तशी त्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तिचं सांगायचं तर माझं सांगावं लागणार होतं. माझं नुसतं पितळ सांगून भागणार नव्हतं.

"तू आधी सांग," ताई म्हणाली.

"तू थोरली आहेस."

"म्हणूनच म्हणते, तू आधी."

भाऊजी उठून पुन्हा खुर्चीत बसले होते. मी व्हॉल्व्ह त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, हिरवं पीठ नखाने खरवडलं.

"हा कधी लावलात?"

"जोड केली तेव्हा."

"चौथा नियम वाचा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मोठ्याने."

मी कागदाकडे बघितलं. चौथा आकडा दिसला. त्याच्यापुढे मुंग्यांची रांग.

"सातच्या सात वाचले म्हणालात."

"आकडे वाचले भाऊजी. अक्षर मला येत नाही. कधीच आलं नाही."

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, हातात फिरवलं.

"चाळीस वर्षांत," ते म्हणाले, "चाकाच्या दात्यावर केसाएवढी चीर असली तर मी ती पकडली. आणि माझा मेहुणा छत्तीस वर्षं माझ्यासमोर चष्मा विसरतोय." ते ताईकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"होतं," ताई म्हणाली. "आणि आता माझंही ऐकून घ्या."

तिचं ऐकून झाल्यावर भाऊजी उठले, चपला घातल्या आणि दातांच्या दवाखान्यात गेले. आम्ही मागून. डॉक्टरीणबाई एका माणसाच्या तोंडात वाकलेल्या होत्या. भाऊजी टाकीसमोर उभे राहिले आणि खिशातून भिंग काढलं. डाव्या कोपऱ्यात एका खडकावर ते होतं. बोटाएवढं, वरून दुभंगलेलं, दोन्ही टोकं निळी, सगळी तोंडं उघडी.

"काका, दात दाखवायचेत?" डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या.

"दात नाहीत मला," भाऊजी म्हणाले. "मी माझ्या गुरुजींना भेटायला आलोय."

घरचं मोठं पोवळं वाचलं नाही. अर्ध्याहून जास्त पाणी तीनदा बदललं, तांबं शोषणारा कोळसा आणून गाळणीत घातला, तरी सहाव्या दिवशी शेवटचं निळं टोक पांढरं झालं. त्याच दिवशी जुळ्या दवाखान्यातून घरी आल्या. मी दोन्ही घरांत फिरत होतो आणि कुठल्या घरी कसला चेहरा करायचा ते मला कळत नव्हतं.

दगडांनी तांबं पिऊन ठेवलं होतं, ते सगळे टाकून द्यावे लागले. टाक्या घासल्या, पाइप बदलले, पुन्हा मीठ, पुन्हा पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची टाकी तयार झाली की न्या, तोवर राहू दे. भाऊजी रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. नव्या रोग्यांना वाटायचं, या म्हाताऱ्याचा नंबर कधी लागतच नाही.

नवीन पाणी भरलं त्या दिवशी भाऊजींनी माझ्यासमोर पाटी ठेवली. "टाकीला आठ आठवडे लागतात. तुम्हालाही तेवढेच देतो."

"या वयात कसलं लिहिणं, भाऊजी."

"या वयात कसलं पितळ?" ते म्हणाले. "हात पुढे करा."

माझी सुरुवात गमभनने झाली नाही. भाऊजींनी पाटीवर पहिला शब्द काढला 'तांबं'. तो मी शंभर वेळा गिरवला. त्यांचा हात कापायचा आणि माझा पाना धरायला सरावलेला, दोघांचं अक्षर सारखंच वाकडं यायचं. ताई येता-जाता बघायची. "कोंबड्या बऱ्या लिहितात," म्हणायची आणि चहा ठेवून जायची. आठ आठवड्यांत टाकी तयार झाली. मला दीड वर्ष लागलं.

बोटाएवढं पोवळं घरी आलं, भाऊजींच्या मांडीवर, त्याच लोण्याच्या डब्यात. या खेपेस त्यांनी वाट बघितली नाही. चौथ्या महिन्यात त्याला पाच फाटे झाले, तशी त्यांनी मला बोलावलं. चिमटा त्यांनी धरला, कात्री माझ्या हातात दिली. कट् आवाज झाला आणि मीच दचकलो. बुचावर चिकटद्रव्याचा ठिपका, त्यावर टोक, वीस आकडे मोजायचे आणि पाण्यात. दुसऱ्या दिवशी कलमाची तोंडं उघडली होती, काही झालंच नाही असं.

"आता सांगा भाऊजी," मी म्हणालो. "हे पोर का तेच?"

"डॉक्टरीणबाई म्हणतात तेच. पोर नव्हे."

"मग मोठं मेलं ते कोण?"

त्यांनी कलमाचं बूच जाळीवर सरळ केलं. माझ्या नाती भेटल्या की मात्र त्यांना असाच प्रश्न विचारायचे. "काय गं, तुम्ही एक का दोन?" त्या दोन वर्षांच्या झाल्यावर एकदम ओरडायच्या, "दोन!" आणि भाऊजी माझ्याकडे बघून म्हणायचे, "यांची खात्री आहे बघा."

पहिलं कलम भाऊजींनी डॉक्टरीणबाईंना दिलं. पुढच्या वर्षभरात चौघा शिष्यांना एकेक धाडलं. आणि एक मला. तो नियमच झाला: जो कलम नेईल त्याने त्यातलं एक दुसऱ्याला द्यायचं, म्हणजे एका घरचं पाणी बिघडलं तर दुसऱ्या घरी जीव राहील. भिंतीवरच्या कागदावर हा आठवा नियम माझ्या अक्षरात आहे. चौथ्या नियमाखाली भाऊजींनी तांबड्या शाईने रेघ मारली आणि खिळ्याला तो पितळी व्हॉल्व्ह टांगला. कुणी नवीन माणूस आला की त्याला तो दाखवून म्हणायचे, "ही आमच्या मेहुण्यांची भेट. फार महाग पडली. गळत मात्र नाही."

टाकीची वही मी लिहितो. रोजचा खारटपणा, उष्णता, चुना, काय कापलं, कुणी नेलं. पहिल्या पानावर मोठं पोवळं गेल्याची नोंद करायची होती. मी भाऊजींना विचारलं, मेलं असं लिहू का. ते म्हणाले, जागा सोडा, विचार करून सांगतो. ती ओळ अजून कोरी आहे.

गेल्या आठवड्यात मोजलं, एकूण एकतीस घरांत ते पोवळं आहे. त्यातल्या बऱ्याच लोकांना मी ओळखत नाही.

भाऊजी जुळ्या नऊ वर्षांच्या असताना वारले, एका मंगळवारी सकाळी सव्वासातला, झोपेत. ताई त्यानंतर दोन वर्षांनी, जुळ्या पाचवी संपवून सहावीत गेल्या त्या महिन्यात वारली. या दोन्ही नोंदी मी त्याच वहीत केल्या आहेत.